मास्तरांना राग येत नाही

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना मुलीबरोबर शूटिंगला जायचंच नव्हतं. पण बायकोने बजावलं, पोर सोळा वर्षांची, त्यात पिक्चर असला, तुम्ही सोबत जा. असला म्हणजे कसला, तर शाळेत शिकणारी एक मुलगी गरोदर राहते आणि घरी सांगताना तिची कशी गाळण उडते, त्याची गोष्ट. ती मुलगी झाली होती मास्तरांची टिकली. संहिता नवराबायको दोघांनीही वाचली होती, वावगं काही नव्हतं. तरी पोटाला उशी बांधून टिकली समोर आली, तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले ते बघतच राहिले.

घोळ झाला तो बापाच्या बाबतीत. बापाचं काम करणाऱ्या नटाची दाढ ठणकायला लागली आणि गाल असा सुजला की संवाद ओठांबाहेर पडेना. शूटिंगचं घर उद्या दुसऱ्यांना द्यायचं होतं. दिग्दर्शक होती पंचविशीतली मुलगी. तिने चारी बाजूंना पाहिलं आणि तिची नजर मास्तरांवर येऊन थांबली. काका, तुम्ही बाप तर आहातच, असं ती म्हणाली. मास्तर नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या अंगात त्या नटाचा सदरा चढलासुद्धा.

काम सोपं होतं. मुलीने म्हणायचं, "बाबा, मला दिवस गेलेत." बापाने समोरची थाळी भिरकावायची आणि तिला घराबाहेर काढायचं.

पण राग गिळणं हाच मास्तरांचा धंदा. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे केस पिकले होते. एका बाईंनी गाडी थेट औषधाच्या दुकानाच्या पायरीवर चढवली, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले होते, "छान. आता रिव्हर्स शिकू."

पहिल्यांदा त्यांनी थाळी उचलली आणि अलगद बाजूला ठेवली. दुसऱ्यांदा भिरकावली, पण मुलीला विचारलं, "जेवलीस का?" दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

"काका, तुमची अब्रू गेलीय."

"हो, ते कळलं," मास्तर ओशाळून म्हणाले. "पण हिचा चेहरा बघा ना."

टिकली आता रडकुंडीला आली होती. बाबांमुळे आपलंही काम हातचं जाणार, या भीतीने तिचे ओठ खरोखरच थरथरत होते. कॅमेरा पुन्हा सुरू झाला. तिने वाक्य म्हटलं, आणि मास्तर संवाद, थाळी, कॅमेरा, सगळं विसरले.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आधी श्वास घे. मी बसलोय ना शेजारी. ब्रेक माझ्याही पायाखाली आहे."

टिकलीने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, ते काही संहितेत नव्हतं. कॅमेरावाला नाक ओढत होता. दिग्दर्शकाने हातातलं पान चुरगाळलं आणि पुढची गोष्टच बदलून टाकली. दाढवाल्या नटाचं काम गेलं ते गेलंच.

पिक्चर लागला आणि मास्तरांचं नाव झालं. बायका आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसून म्हणायच्या, बघा, बाप असा असावा. गाडी शिकायला रांग लागली. रस्त्यात कुणी हात जोडले की मास्तर मान तिरकी करून "त्यात काय एवढं" म्हणायला शिकले. हळूहळू त्यांचंही मत झालं की आपल्यासारखा समजूतदार बाप शोधून सापडायचा नाही.

अशाच एका संध्याकाळी टिकली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मान खाली, आवाज जेमतेम.

"बाबा, एक सांगायचंय."

मास्तर मायेने हसले. म्हणाले, बोल बाळा, माझ्यापाशी काहीही बोल.

"गणितात नापास झाले."

घरातली भांडी आपटावीत तसा आवाज निघाला मास्तरांच्या गळ्यातून. कष्ट, कार्टी, खानदान, शेजाऱ्यांची हुशार मुलं, कशालाही त्यांनी सोडलं नाही. समोरचा चहाचा कप भिंतीवर जाऊन फुटला. बायको धावत आली, तिने आधी खिडकी लावून घेतली आणि मग विचारलं की झालंय काय.

टिकली तोंडाचा आ वासून बघत होती. "बाबा, त्या दिवशी शूटिंगला एवढं मोठं सांगितलं, तेव्हा तर नाही ओरडलात."

"त्यात काय ओरडायचं?" मास्तर धापा टाकत म्हणाले. "पोरं काय, आपोआप वाढतात. गणित वाढतं का?"