मारुतीरावांनी धरलेली जागा

सहल कशी काढावी हे मला कुणी शिकवू नये. निपाणीच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली. पोरांना गोकाकच्या धबधब्याला न्यायचं असो की कित्तूरच्या किल्ल्याला, विनोदिनीबाई बरोबर आहेत म्हटल्यावर हेडमास्तर गाडीत खुशाल झोपून जायचे. मी कधी कुणाला रस्ता विचारला नाही. मी येताना दिसले की रस्ताच सावरून बसायचा!

त्यामुळं आमची भैरवी जर्मनीला शिकायला गेली आणि आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडं जायचं ठरलं, तेव्हा मी निश्चिंत होते. शेजारची अक्काताई मात्र तोंड एवढंसं करून सांगायला आली, की तिच्या बोरगावच्या नणंदेचे व्याही परदेशात विमानतळावरच हरवले होते. अर्धा दिवस सरकत्या जिन्यावरनं नुसते खाली-वर करत होते म्हणे. मी तिच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाले, "अक्काताई, ते बोरगावचे. आम्ही निपाणीचे."

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगते. मारुतीराव वीजमंडळातून निवृत्त झालेले. वर तारेतून ठिणग्या उडत असताना खांबाला पाय अडकवून तंबाखू मळणारा माणूस. काळजी हा प्रकार त्यांच्या अंगात नाही. त्यांच्या वाटणीची काळजीही मीच करते. त्यांच्यात कला एकच, जागा धरण्याची. निपाणीच्या स्टँडवर बेळगावची बस धड थांबायच्या आधीच यांचा टॉवेल खिडकीतून आत गेलेला असतो. आणि एकदा का तो सीटवर पडला, की तिथं कुणी येऊन बसेल अशी छाती आख्ख्या तालुक्यात कुणाची नाही.

तर आम्ही पोचलो. भैरवीची एकच खोली. ती टेबलापाशी अभ्यास करायची आणि आम्ही दोघं पलंगावर बसून खुणांनी बोलायचो. ह्यांना खोकला आला की हे उशीत तोंड खुपसून खोकायचे. तिची वर्षाची मोठी परीक्षा तोंडावर आलेली. सकाळी एक भाग, मधे सुट्टी, दुपारी दुसरा भाग. यात राहिली तर पुढचं सगळंच राहिलं. पोरगी वाळून काडी झाली होती. रात्री तिच्याकडं बघताना आईच्या जात्यावरच्या चालीत काहीतरी आपसूक ओठांवर यायचं:

लेक शिकाया ग गेली, सात नद्यांच्या ग पार,
पुस्तकं तिच्या पाठीवरी, माझ्या काळजाला भार.

तिनं कबूल केलं होतं, परीक्षा झाली की रविवारी तुम्हाला लांबच्या तळ्यावर फिरवून आणते. तोवर कुठं एकट्यानं जायचं नाही. मी मान डोलावली. पण माझ्या मनात निराळंच शिजत होतं. परीक्षा झाल्यावर एक रविवार मिळणार, तो पोरीनं झोपून काढावा की आईबापांना तळं दाखवत हिंडावं? त्यापेक्षा परीक्षेच्या दिवशीच ती गेली की आपण निघायचं, तळं बघायचं, ती परत यायच्या आत घरी येऊन पलंगावर बसायचं. तिला कळणारही नाही. मग रविवारी सांगायचं, बाळा, झोप, आमचं बघून झालं.

ह्यांना बेत सांगितला तर हे म्हणाले, "चल की." एवढंच. ह्यांना सूर्यावर चल म्हटलं तरी हे असंच म्हणतील, फक्त टॉवेल घेतील.

भैरवीला दहीसाखर देऊन वाटेला लावली आणि लगेच आम्ही बाहेर. बॅगेत धपाटी, शेंगाचटणी, पाणी. ह्यांचा फोन चार्जिंगला लावलेला तिथंच राहिला. तिकीट दोघांत एक, ते ह्यांच्या खिशात, कारण पुरुषाच्या खिशात काहीतरी असावं असं मला वाटतं.

स्टेशनावर गाडी आली. तिथं माणसं अशी शांत उभी, की जणू गाडी पाहुणी म्हणून आलीय. ह्यांना ते बघवलं नाही. वर्षानुवर्षांची सवय उसळली आणि हे फलाटावरनं पळत सुटले, पार पहिल्या डब्यापर्यंत. गाडी निम्मी रिकामी होती हो! मी बॅग सावरत मागं राहिले आणि दार मिटायला लागलं तशी हाताशी आलेल्या डब्यात चढले. म्हटलं, गाडी एक, रूळ एक. आतून चालत जाऊ.

आतून चालत गेले तर तीन डब्यांनंतर वाट संपली. पुढं ड्रायव्हरची बंद खोली. गाडीच्या मधोमध ड्रायव्हरची खोली कशाला, असा प्रश्न एखाद्या शहाण्या बाईला पडला असता. मला वाटलं, देश श्रीमंत आहे, ठेवली असेल एक जादा.

मग मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि बाहेर हिरवंगार. गाईंच्या गळ्यांत घंटा, उतारांवर लाल कौलांची घरं. मी ओवीचं पुढचं कडवं जुळवायला बसले. मधे कुठंतरी गाडी बराच वेळ थांबली. वर कर्ण्यातून कुणीतरी पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होतं. पण आपल्या स्टँडवरचा कर्णा आपण कधी ऐकतो का? एक हिसका बसला, गाडी निघाली, आणि "काळजाला भार" याला मला छानसं यमक सापडलं.

तेवढ्यात टीसी आला. त्याचं इंग्रजी जर्मनीचं, माझं निपाणीचं, पण आमचं जमलं.

"तिकीट?"

"नवऱ्यापाशी."

"नवरा कुठं?"

"पुढच्या डब्यात. जागा धरून बसलेत."

तो भला माणूस माझ्यापुढं वाकला. "बाई, पुढचे डबे आता या गाडीला नाहीत."

माझं यमक तिथंच सांडलं. त्यानं समजावून सांगितलं, की मागच्या जंक्शनवर ही गाडी तुटते. तोडतात ती. पुढचा अर्धा भाग डोंगराकडं जातो, मागचा तळ्याकडं. कर्ण्यावर तेच तर सांगत होते.

आपल्याकडं बस बंद पडते, पंक्चर होते, डिझेल संपतं, पण अर्धी बस एका गावाला आणि अर्धी दुसऱ्या गावाला असं कधी झालंय का? ह्यांच्याकडं फोन नाही. ह्यांना तिकडची भाषा नाही, आणि इंग्रजीत फक्त 'ओके' येतं. ते डोंगरात उतरले, कुठल्या रानात शिरले, कुणी गाडीत घालून नेलं तर? माझा हात फोनवर गेला. भैरवीचा नंबर समोर आला. बोट त्यावर नेलं आणि तसंच मागं घेतलं. परीक्षेची वेळ. मी एक फोन केला तर पोरगी पेपर टाकून धावत सुटणार, आणि तिचं वर्ष माझ्या एका बोटानं जाणार. म्हटलं, विनोदिनी, नवरा तू हरवलास, तूच शोध.

टीसीनं दुसऱ्या गाडीतल्या आपल्या माणसाला फोन लावला आणि मला वर्णन विचारलं. मी सांगितलं, चौकटीचा स्वेटर, कपाळाला गंध, आणि टॉवेल. तो म्हणाला, टॉवेल खांद्यावर का? मी म्हटलं, नाही, शेजारच्या सीटवर. तो पलीकडचं ऐकत राहिला आणि हसू दाबायला लागला. माणूस सापडला होता. जवळ कुणीही आलं की तो हात जोडून "मिसेस, मिसेस" म्हणत होता आणि त्या सीटवर कुणाला बसू देत नव्हता.

ठरलं असं, की त्यांना तिकडून परत जंक्शनला पाठवतील, मी जंक्शनवर जाऊन थांबायचं. टीसी म्हणाला, तुमच्या मिस्टरांना सगळं सांगितलंय, ते ओके म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. ह्यांनी 'ओके' म्हटलं याचा अर्थ ह्यांना काडीचंही कळलेलं नाही.

मी पुढच्या स्टेशनवर उतरले, उलट्या गाडीनं जंक्शनला आले. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. डोंगराकडून एक गाडी आली, त्यात हे नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर हे कुठल्यातरी बर्फाच्या कड्यावर टॉवेल अंथरून बसलेले दिसायला लागले. थांबायला सांगितलं होतं, पण थांबवेना. डोंगराकडं जाणारी गाडी लागली तशी मी तीत चढले.

मधल्या एका चिमुकल्या स्टेशनवर गाडी थांबली, समोरची गाडी येऊ द्यायला. ती आली आणि माझ्या खिडकीला खिडकी लावून उभी राहिली. पलीकडं कोण असावं? आमचे हे! मी काच बडवली, पण काच कसली उघडते. हे मला बघून कसे हसले म्हणता, जत्रेत पाळण्यात बसलेलं पोर हसतं तसे. मग त्यांनी शेजारच्या सीटवरचा टॉवेल थोपटून दाखवला. जागा धरलीय, ये! आणि दोन्ही गाड्या सुटल्या. हे जंक्शनकडं, मी डोंगराकडं.

त्याच क्षणी फोन वाजला. भैरवी. तिची मधली सुट्टी झाली होती.

उचलावा? मागं गाडीचा खडखडाट, वर तो कर्णा, आणि माझा आवाज रडवेला. पोरगी एका शब्दात ओळखणार. मी फोन शालीत गुंडाळला, शाल बॅगेत कोंबली आणि बॅगेवर बसले. खालून तो वाजत राहिला. थांबला, पुन्हा वाजला. मी दात आवळून बसून राहिले. खरं सांगते, त्या वेळी मला माझाच अभिमान वाटला. म्हटलं, याला म्हणतात आईचं काळीज.

पुढचं स्टेशन, उलटी गाडी, पुन्हा जंक्शन. हे बाकावर बसलेले, शेजारी टॉवेल अंथरलेला.

"कुठं हुतीस गं?" हे म्हणाले. "किती जनास्नी उठवायचं मी हितनं?"

मी तिथंच मटकन बसले. धरलेल्या जागेवरच. विचारलं, भीती नाही वाटली? हे म्हणाले, कशाची? तू मागच्या डब्यात हैस म्हनून गप बसलो. डोंगर आला, समदी उतरली, तू काय दिसली न्हाईस, म्हनलं झोपली आसंल, म्हनून त्याच गाडीत परत बसलो. मग तू पलीकडच्या गाडीत दिसलीस. "मला वाटलं, हिला फिरायची लई हौस. फिरून येऊ दे."

त्या टीसीनं काय सांगितलं होतं म्हटल्यावर हे म्हणाले, काय तरी म्हनत हुता त्यो, मी ओके म्हनलं, मग हितं त्यानंच हाताला धरून उतरवलं.

आम्ही तिथंच धपाटी खाल्ली. तळं कुणीच बघितलं नव्हतं. डोंगर ह्यांनी खिडकीतून बघितला होता. कसा होता विचारलं तर म्हणाले, आंबोलीसारखाच, फक्त भजी न्हाईत. परतीच्या वाटेवर मी ह्यांना गळ्याची शपथ घातली, भैरवीला यातलं अक्षर कळता कामा नये. परीक्षा धड पार पडली ना, बस्स. ह्यांनी मान हलवली. ओके म्हणाले नाहीत, म्हणून मला भरवसा वाटला.

घरी आलो तर भैरवी दाराबाहेरच्या पायरीवर बसलेली. शेजारची म्हातारी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. भैरवीच्या हातात ह्यांचा फोन, चार्जरसकट. आम्हाला बघून ती उठली नाही. नुसती बघत राहिली, आधी ह्यांच्याकडं, मग माझ्याकडं.

"ही माझ्यासंगं न्हवती," हे म्हणाले. "दुसऱ्या गाडीत हुती."

शपथेचं असं झालं. पण भैरवीनं ते ऐकलंच नाही.

"आई, फोन का उचलला नाहीस?"

"तुझी परीक्षा बिघडू नये म्हणून गं."

तिनं डोळे पुसले. "मग ती कशानं बिघडली, सांगू?"

तिनं सांगितलं. सुट्टीत सहज फोन केला होता, आम्ही जेवलो का विचारायला. आई उचलेना. आप्पांना लावला, तेही उचलेनात. एरवी पहिल्या घंटीला "बोल बाळा" म्हणणारी आई! मग दुसरा पेपर लिहिताना तिला एकेका ओळीवर आम्ही दिसत होतो, कधी दवाखान्यात, कधी रस्त्यात पडलेले. शेवटचा सगळ्यांत मोठा प्रश्न कोरा सोडून ती धावत घरी आली, आणि रिकाम्या खोलीत आप्पांचा फोन नुसता उजळत होता.

जिच्या काळजीचा भार मी यमकात बसवत होते, तिच्या काळजात आम्ही होतो हे माझ्या कुठल्या कडव्यात आलंच नव्हतं. तिच्याजवळ पायरीवर बसले. हेही बसले, तिच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्यांदाच ह्यांचा चेहरा उतरलेला बघितला. म्हणाले, "पोरी, परीक्षा पुन्हा देता येती का गं?" ती म्हणाली, द्यायची वेळ आली तर देईन आप्पा, पण त्या वेळी तुम्ही निपाणीत असाल असं लिहून द्या.

द्यावी लागली नाही. पुढं निकाल लागला, काठावर का होईना, पास झाली. किती गुण पडले ते विचारू नका. अक्काताईला मी निराळेच सांगितलेत.

आणि तो रविवार? झोपली कुठली! सकाळीच आम्हाला उठवलं, तळ्याला चला म्हणाली. गाडीत दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि आपण समोर बसली. गाडी सुटायच्या आधी तिनं आम्हाला मोजलं. आम्ही दोघंच. तरी दोनदा मोजलं.