घोड्याच्या बालपणावर बहिष्कार

खरं म्हणजे चिडलो होतो मी डब्यावर. ऑफिसात जेवायला बसलो, झाकण उघडलं, तर रस्सा सगळा बॅगेत आणि डब्यात नुसत्या फोडी. नेमकी तेव्हाच मोबाइलवर बातमी झळकली : 'लोहमुष्टी' मालिकेतला अकरावा चित्रपट येतोय, 'लोहमुष्टी : घोड्याचं बालपण'. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर मी तिरमिरीत लिहून टाकलं, "पुरे झालं आता! बहिष्कार!" (त्यातला निम्मा राग रश्श्याचा होता, पण ते कोण विचारतंय?)

तसा माझा रागही खोटा नव्हता हो. पहिले दोन भाग म्हणजे बावनकशी सोनं. तिसऱ्यात नायक मेला, आम्ही ढसाढसा रडलो. चौथ्यात तो जिवंत झाला, तेव्हाही रडलो, पण जरा कमी. मग त्याचं तारुण्य आलं, त्याच्या काकाचं तारुण्य आलं. खलनायक तर तीनदा मेला. तिसऱ्यांदा मरताना तोच कंटाळलेला दिसत होता. आणि आता घोडा! उद्या खोगिराचे आईवडील दाखवतील.

दहा मिनिटांत सेहेचाळीस अंगठे आले आणि संध्याकाळपर्यंत मी बहिष्कार समितीचा अध्यक्ष झालो. वीस वर्षांच्या नोकरीत मला खिडकी उघडायची की नाही हे कुणी विचारलं नाही, त्यामुळे मी हुरळलो. घरी आल्या आल्या बायकोला सांगितलं.

"अध्यक्ष? मग आधी घरातल्या कामांवरचा बहिष्कार उठवा," ती म्हणाली. "न्हाणीघराचा नळ तीन आठवडे गळतोय."

आमच्या समितीचे चिटणीस औषधांच्या दुकानाचे मालक. त्यांनी आंदोलनही चिठ्ठीवर लिहून दिल्यासारखं आखलं : घोषणा दिवसातून दोनदा, जेवणानंतर. शुक्रवारी चित्रपट लागला. आम्ही थिएटरच्या दारात फलक घेऊन उभे राहिलो आणि काय सांगू, पहिल्या खेळाला चार तिकिटं खपली! मॅनेजरने काचेवर कागद चिकटवला : 'दहापेक्षा कमी प्रेक्षक असल्यास खेळ रद्द.' मी त्या कागदाशेजारी उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतला.

शनिवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. बायको बराच वेळ "काय सांगतेस? खरंच?" एवढंच म्हणत होती. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"आई सिनेमात आहे."

"अरे वा! कुठल्या?"

"घोड्याच्या."



गेल्या वर्षी त्यांच्या गावाबाहेर शूटिंग झालं होतं. सासूबाई बघायला गेल्या आणि त्यांना तबेल्यामागून गवताचा भारा घेऊन जाणारी बाई करून उभं केलं. सगळ्यांना चकित करायचं म्हणून बाईंनी वर्षभर तोंडातून अक्षर काढलं नाही. उद्या दुपारच्या खेळाला त्या येणार होत्या, मुलीजावयाबरोबर बसून स्वतःला पडद्यावर बघायला.

"लग्नाआधी तिला नाटकात काम मिळत होतं, घरच्यांनी नाही जाऊ दिलं," बायको म्हणाली. "जन्मभर भांडी घासताना संवाद म्हणत आलीय ती. उद्या तुमच्या बहिष्कारापायी खेळ रद्द झाला ना, तर मला तोंड दाखवू नका."

इकडे आड, तिकडे विहीर. आम्हा तिघांखेरीज आणखी सात माणसं हवी होती, आणि सगळ्या गावाला तर मीच पळवून लावलं होतं! शेवटी डोकं चालवलं. समितीतल्या सात विश्वासू माणसांना मी एकेकट्याला फोन केला. "अत्यंत गुप्त कामगिरी आहे. उद्या दुपारी तिकीट काढून आत जायचं आणि रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढायचा. आपल्या विजयाचा पुरावा! कुणाला बोलू नका."

सातही जण कुणाला बोलले नाहीत, म्हणजे आपापल्या एका विश्वासू माणसालाच तेवढं बोलले. त्याने त्याच्या. रविवारी आत गेलो तर सेहेचाळीसच्या सेहेचाळीस हजर! कुणी मफलर गुंडाळलेला, कुणी काळा चष्मा लावून अंधारात ठेचकाळतोय. रिकाम्या खुर्चीचा फोटो काढायला प्रत्येकजण रिकामी खुर्ची शोधत होता.

सासूबाई मात्र हरखल्या. "बाई गं, किती गर्दी!"

मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. तरी दिवे मालवल्यावर शेजारचा मफलर कुजबुजला, "अध्यक्ष, तुम्ही?" ते चिटणीस होते.

"पुरावा गोळा करतोय."

"तो तर मी करतोय!"

"मग मी तुमच्यावर लक्ष ठेवतोय."

"ठराव कुठे झालाय तसा?"

या कुजबुजीत तबेला आला कधी, गेला कधी, मला पत्ताच लागला नाही. दिवे लागल्यावर बाहेर येऊन बघतो तर सासूबाई गप्प. मला वाटलं, भारावल्या. जावयाने काहीतरी बोलायला हवं.

"आई, काय तो भारा, काय ती चाल! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं."

"कुठे दिसले मी, जावईबापू?"

"ते... घोड्याच्या मागे."

"घोड्याच्या मागे भिंत होती. माझा प्रसंग कापलाय त्यांनी."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की बस्स. सासूबाईंनी डोळे पुसले. "सकाळपासून अकरा वेळा तो भारा उचलला हो मी. 'छान केलंत, आजी' म्हणाले होते." मला मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांची नजर दाराशी टेकवलेल्या आमच्या फलकांवर गेली. त्यांनी नाक शिंकरलं, पदर खोचला आणि सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "या चित्रपटावर बहिष्कार घालणारे कोण ते? त्यांचा अध्यक्ष कोण?"

सेहेचाळीस बोटं माझ्याकडे वळली.

"तुम्ही? आणि तिकीट काढून आत बसलात?"

"आई, मी तुमच्यासाठीच..."

"तत्त्व म्हणजे तत्त्व!" त्या कडाडल्या. जन्मभर साठवलेला आवाज होता तो, पार तिकीटखिडकीपर्यंत पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांत तिथल्या तिथे सभा भरली आणि सासूबाई अध्यक्ष झाल्या. पहिलाच ठराव माझ्या हकालपट्टीचा. तो चिटणिसांनी मफलर सोडून मांडला, आणि बाजूने पहिला हात वर झाला माझ्या बायकोचा. (ती सभासदही नव्हती!)

ठराव एकमताने मंजूर झाला. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण सभेचा वृत्तांत मलाच लिहायला बसवलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणे.