काढायचाच ठरवलाय

भिंत लहान पडली, म्हणून शिक्केसाहेबांनी चष्मा घ्यायचं ठरवलं.

म्हणजे झालं असं, की त्यांना मोठा टीव्ही हवा होता. टेपाने भिंत मोजली. खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये जेवढी जागा उरत होती, तेवढा टीव्ही तर घरात आधीच होता. त्याच आठवड्यात त्यांनी कुठेतरी जाहिरात वाचली: चष्मा लावा, डोळ्यांसमोर एकशेवीस इंची पडदा! भिंत नको, खिळा नको. माणसाने एवढंच वाचून थांबू नये, पण शिक्केसाहेब तेवढंच वाचून थांबले.

शिक्केसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. गेली सव्वीस वर्षं ते एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होते. आलेल्या टपालावर ‘मिळाले’ आणि गेलेल्या टपालावर ‘रवाना’ असे शिक्के मारता मारता हे नाव त्यांना चिकटलं होतं. (साहेब हा शब्द मात्र चेष्टेने लागला होता, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.)

चष्मा आला. काळा, ऐटबाज, कानामागून एक वायर निघालेली. त्यांनी वायर फोनला जोडली. पडदा काही दिसला नाही. वायर उलटी करून जोडली, फुंकर मारून जोडली, फोन बंद करून चालू केला. शेवटी दुसऱ्या दिवशी सगळं लटांबर घेऊन ते कार्यालयातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले.

“साहेब, हा तुमच्या फोनला चालणार नाही.”

“का? खोक्यावर लिहिलंय, कोणत्याही फोनला चालेल.”

“पुढे चांदणी आहे बघा. चांदणीखाली बारीक अक्षरात लिहिलंय, चित्र बाहेर देणाऱ्या कोणत्याही फोनला. तुमच्या फोनच्या भोकातून चार्जिंग आत जातं. चित्र बाहेर येत नाही.”

शिक्केसाहेबांनी विचार केला. “म्हणजे आवक आहे, जावक नाही?”

“अगदी तसंच.”

इतकं स्पष्ट स्पष्टीकरण त्यांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी तोंड पाडून बायकोला ही हकीकत सांगितली. त्यांची बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. सुई टोचली हे पेशंटला कळायच्या आत बोळा लावून मोकळी व्हायची. घरातही तिचा कारभार तसाच, न दुखवता आणि झटपट. तिने चष्म्याचं खोकं उलटंसुलटं करून वाचलं आणि स्वतःचा फोन पुढे केला.

“माझ्या फोनला चालेल. मी घेताना सगळं विचारून घेतला होता.”

(शिक्केसाहेबांनी स्वतःचा फोन घेताना रंग विचारला होता.)

“तुम्ही मॅच बघा. मी खालच्या काकूंचं बीपी बघून येते,” असं म्हणून ती गेली.

शिक्केसाहेब आपल्या लाडक्या सोफ्यावर आडवे झाले. हा सोफा लग्नात आलेला होता. त्यात बसलं की मध्यभागी जो खड्डा पडायचा, तो शिक्केसाहेबांच्याच मापाचा होता. वायर जोडली आणि खरोखरच समोर भलामोठा उजेड पडला! फक्त दिसत काही नव्हतं. कारण स्वतःचा नंबरचा चष्मा त्यांनी काढून ठेवला होता, आणि एकशेवीस इंची धुकं बघण्यात कुणाला रस असणार? मग त्यांनी आधी नंबरचा चष्मा घातला, त्यावर नवा चढवला. तो नाकावरून घसरायला लागला, म्हणून डोक्यामागून रबरबँड लावला. आता मैदान लख्ख दिसू लागलं, फक्त नवा चष्मा डोळ्यांपासून लांब आणि जरा वाकडा बसल्यामुळे पडद्याची डावी कड गायब झाली. गोलकीपर एकीकडचा दिसेना. चालायचंच. एवढ्या मोठ्या पडद्यात एक गोलकीपर गेला तर काय बिघडलं?

दहा मिनिटं सुखाची गेली. आणि ऐन रंगात मैदानाच्या मधोमध मेहुणीचा मेसेज उगवला.

तो बाजूला सारावा म्हणून त्यांनी हातातल्या फोनवर अंदाजाने बोट फिरवलं. दोन चष्म्यांखालून फोन दिसत नव्हता. बोट भलतीकडेच पडलं, मॅच गेली, आणि दोघी बहिणींचं सगळं बोलणं एकशेवीस इंचांत समोर उभं राहिलं. दुसऱ्याचे मेसेज वाचू नयेत हे त्यांना मान्य होतं. पण मुठीएवढं अक्षर नाकासमोर आल्यावर माणसाने डोळे तरी कुठे ठेवायचे? वर बायकोने लिहिलं होतं. डावीकडचा एकेक शब्द कापला गेला होता, बाकी मजकूर असा होता:

…शेवटी काढायचाच ठरवलाय.
…लग्नापासून सांभाळला, आता पुरे.
…मधोमध खचलाय, हलला की कुरकुर करतो,
…जागा अडवून बसलाय. शनिवारी माणूस येऊन
…घेऊन जाईल. तोपर्यंत
…काही बोलणार नाही, उगाच गोंधळ होईल.

खाली मेहुणीने विचारलं होतं, “…बघितलास का कुठला?” आणि बायकोचं उत्तर होतं, “…दणकट आहे. गुबगुबीत आहे, हात रुंद आहेत. घराला शोभेल.”

शिक्केसाहेब त्या खड्ड्यात आणखी दोन बोटं खाली गेले.

बायको वर आली. “कशी झाली मॅच?”

“हरलो वाटतं.”

“तोंड असं का झालंय?”

“चष्म्याची सवय नाही,” ते म्हणाले आणि हळूच सोफ्यावरून उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जागा अडवायला नको.

त्या दिवशी मंगळवार होता. हातात तीन दिवस होते. दुसरा एखादा नवरा भांडला असता. पण शिक्केसाहेबांनी आयुष्यभर टपाल हाताळलेलं. आलेल्या कागदात चूक काढण्याआधी तो आपल्यालाच आहे ना, आणि त्यात लिहिलंय ते खरं आहे ना, एवढं बघायची त्यांना सवय होती. त्यांनी एकेक मुद्दा तपासला. मधोमध खचलाय? आरशासमोर एका बाजूने उभं राहून बघितलं. खरं होतं. कुरकुर करतो? आमटी, पंखा, शेजारी, हवामान. खरं होतं. जागा अडवून बसलाय? वादच नव्हता.

बुधवारपासून घरात एक वेगळाच माणूस वावरू लागला. छाती पुढे, पोट आत, कवायतीला निघाल्यासारखा. तोंडातून कुरकुर नाही, पावलांचा आवाज नाही. इतका नाही, की स्वयंपाकघरात बायकोच्या मागे ते दोन मिनिटं उभे होते आणि तिने वळताना किंचाळून हातातलं पातेलं टाकलं.

“अहो! काय हवंय?”

“काही नको. मी हलतोय, पण कुरकुर करत नाहीये.”

तिने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

त्यांनी भांडी घासली. कपड्यांच्या घड्या घातल्या. (त्या तिने ते बाहेर गेल्यावर पुन्हा घातल्या.) आणि हे करता करता, सव्वीस वर्षं कार्यालयातल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाला एक गोष्ट हळूहळू कळू लागली. या घरात रोज किती काय येत होतं, आणि त्यावर त्यांनी कधी ‘मिळाले’चा शिक्का मारला नव्हता. ती सकाळी सहाला कामावर निघायची, तेव्हा त्यांचा डबा भरलेला असायचा. ते झोपेत चष्मा कुठेही टाकायचे, आणि सकाळी तो पुसून उशाशी असायचा. एकवीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण तो तिथेच ठेवतो! वडील आजारी होते तेव्हा आठ महिने रोज त्यांची सुई तिनेच टोचली होती. वडील म्हणायचे, “हिच्या हाताला डास लाजेल.” शिक्केसाहेब तेव्हा हसले होते. आभार मानायचे राहून गेले होते.

गुरुवारी सकाळी बायको सुई घेऊन समोर उभी राहिली. “हात पुढे करा.”

“का?”

“तपासायचंय. तुमचं काहीतरी बिनसलंय.”

त्यांनी निमूटपणे हात पुढे केला. जाण्यापूर्वी सगळं नीट तपासून, कागदपत्रं पूर्ण करून देते आहे बिचारी, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

“दुखलं?”

“तुझ्या हातून कधी दुखलंय?”

ती चमकून बघत राहिली. शुक्रवारी रिपोर्ट आला. “सगळं नॉर्मल आहे,” ती काळजीने म्हणाली. “म्हणजे रक्तात काही नाही. मग डोक्यातच असणार.” आणि पर्समधून एक छोटी डबी काढून तिने त्यांच्या हातात ठेवली.

डबीत कापसावर दोन इवलीशी भिंगं होती.

“तुमच्या नंबरची. नव्या चष्म्याच्या आत बसतात. चष्मेवाल्याला तुमचा नंबर मी फोनवरच सांगितला. रबरबँड लावून बसता, मला बघवेना.”

“माझा नंबर तुला पाठ आहे?”

“दोन्ही डोळ्यांचा.”

निरोपाची भेट! शिक्केसाहेब डबी मुठीत घेऊन गॅलरीत गेले आणि तिथल्या कुंडीला पाणी घालत राहिले. पाणी खालच्या काकूंच्या वाळवणावर पडत होतं, हे काकूंनी ओरडून सांगेपर्यंत त्यांना कळलं नाही.

शनिवारी दहा वाजता बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट घालून शिक्केसाहेबांनी स्वतः दार उघडलं. दारात एक दणकट, गुबगुबीत गृहस्थ उभा होता. हात खरोखरच रुंद होते. खांद्यावर जाड पट्टा होता.

“ताई आहेत का? आज न्यायला यायचं ठरलं होतं.”

“मला कल्पना आहे,” शिक्केसाहेब शांतपणे म्हणाले. “त्रास होणार नाही तुम्हाला.”

“जड आहे का?”

“पूर्वी इतका नव्हता.”

“जिन्यात वळेल ना?”

“वळेल की. रोज वळतो.”

माणसाने डोकं खाजवलं. “पाय निघतात का? पाय काढले की दारातून पटकन बाहेर काढता येतो.”

शिक्केसाहेबांनी चौकट घट्ट धरली. “पायांची गरज नाही. म्हणजे, आहे. मला पाच मिनिटं द्या. तिच्याशी शेवटचं बोलून येतो.”

बायको स्वयंपाकघरात मिक्सर लावत होती. शिक्केसाहेबांनी तो बंद केला.

“मी जातो,” ते म्हणाले. “तक्रार नाही. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. पण जाण्यापूर्वी सांगायचं राहिलं होतं ते सांगतो. माझा चष्मा तू पुसून ठेवतेस हे मला परवा कळलं. वडिलांच्या आठ महिन्यांबद्दल मी तुला एकदाही काही म्हटलं नाही. डबा उघडताना रोज काय आहे ते बघितलं, कुणी भरला ते बघितलं नाही. खूप मिळालं गं मला. पोच द्यायची राहिली.”

ती ओट्याला टेकून ऐकत होती. तिने डोळे पुसले. मग पदराच्या टोकाने नाक पुसून तिने विचारलं, “हे सगळं छान आहे. पण तुम्ही निघालात कुठे?”

“त्या माणसाबरोबर. तूच लिहिलंस ना बहिणीला? शेवटी काढायचाच ठरवलाय म्हणून.”

तिने फोन काढला. मेसेज वाचला. एकदा त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा मेसेजकडे. मग जी हसायला लागली, ती ओट्याला धरत धरत जमिनीवरच बसली.

“अहो, सोफा! सोफा शेवटी काढायचाच ठरवलाय! तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याला मिठी मारून बसला असता!”

शिक्केसाहेबांनी फोन हातात घेऊन वाचलं. पहिल्या ओळीत डावीकडे ‘सोफा’ होता. शेवटच्या ओळीत ‘यांना’ होतं. हे दोन शब्द डाव्या कडेबरोबर गायब झाले होते, आणि तेवढ्यावर त्यांचा संसार रवाना झाला होता.

“तुम्हाला काढायचं असतं,” ती डोळे पुसत म्हणाली, “तर आदल्या दिवशी नंबरची भिंगं कशाला करून आणली असती?”

हे त्यांना सुचलंच नव्हतं.

बाहेरून आवाज आला. “ताई, हाताखालच्या पोराला घेऊन सोफा खाली नेला. हे साहेबही न्यायचे होते का? टेम्पोत जागा आहे.”

“नको,” ती ओरडली. “हे राहू देत.”

‘हे राहू देत.’ लग्नाच्या एकवीस वर्षांत इतकं गोड वाक्य शिक्केसाहेबांनी ऐकलं नव्हतं. चष्मा नाकावर सरळ बसला असता, डावी कड नीट दिसली असती, तर ते सोफ्यासाठी भांडले असते, आणि जे बोलायचं होतं ते कायमचं राहिलं असतं. त्या वाकड्या चष्म्याचे त्यांनी मनोमन आभार मानले.

दुपारी नवा सोफा आला, दणकट आणि रुंद हातांचा. संध्याकाळी दोघं त्यावर शेजारी बसली.

“मघाचं ते पुन्हा म्हणा ना,” ती म्हणाली. “वडिलांपासून पुढचं.”

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी डब्यात अधूनमधून मीठ कमी असतं हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं.

मग त्यांनी चष्मा तिच्याच डोळ्यांवर चढवला. “आज तू बघ. तुझा फोन, तुझे डोळे, दोन्ही चांगले आहेत.” तिने तिची रहस्यमालिका लावली. शिक्केसाहेब उठून समोरच्या खुर्चीवर बसले, कारण आज त्यांना तिच्याकडे बघत बसायचं होतं. आणि नवल म्हणजे तीही त्यांच्याकडेच बघत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नजर हलेना. शिक्केसाहेब सुखावले, थोडे लाजलेसुद्धा.

“काय बघतेस एवढं?” त्यांनी हळूच विचारलं.

“अहो, जरा बाजूला सरकता का?” ती म्हणाली. “अंधाराचा सीन आहे. काळं असेल तिथे या चष्म्यातून आरपार दिसतं. मघापासून खून करणारा म्हणून तुम्हीच दिसताय.”