तांब्याभर ताक आन नानाची गाडी

आमच्या महाळुंगे पडवळात सोपाननानाची गाडी सगळ्यात मोठी. काळी, उंच, समोरनं बघितली तर माजलेली म्हैस अंगावर आल्यावानी. आन ती गाडी नाना शेतात नेत नाय. डांबर संपलं की गाडी उभी करतो, धोतर खोचतो आन चिखल तुडवत बांधावर येतो.

"आरं, डोंगर चढायची गाडी ना ही?" मी इचारलं.

"आप्पा, डोंगर शेरडू बी चढतं. रस्त्यावर नीट चालायला अक्कल लागती."

गाडी घेताना मला संगं नेलं व्हतं. मी आन ताकाचा तांब्या, काठोकाठ भरलेला. शोरूमचा टायवाला सायब सांगत व्हता, ही गाडी कमरेएवढ्या पाण्यातनं जाती. नाना म्हणला, "मला गाडी पाण्यातनं न्यायची नाय. ताक गाडीतनं न्यायचंय." तांब्या सायबाच्या हातात दिला आन गाडी चालवून बघायला निघाला. पहिल्याच वळणाला गाडी कलली आन ताक सायबाच्या टायवर.

"दुसरी दाखवा," नाना म्हणला. दुसऱ्या गाडीत सायब बसलाच नाय. तांब्या मी धरला.

नानाचं गणित साधं. उंच गाडी वळणाला उसाच्या ट्रॉलीवानी डुलती, म्हणून तिचं वजन खाली पायजे. टायर रुंद, शॉकप मऊ, पण ढिलं नाय. ब्रेक मारला तर गाडीनं नाक खाली घालायचं नाय. "खड्डा चाकानं गिळायचा आप्पा, शिटाला कळू द्यायचा नाय." शेवटी घेतली तिला स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे हायेत म्हणं.

गाडीतनं उतरणाऱ्या प्रत्येकाला नाना इचारणार, "पोटातलं पाणी हललं का?" बेल्ह्याच्या बाजाराला नेलेला एक पावणा "जरासं हललं" म्हणाला. तो परत टेंपोनं आला.

मग माझ्या मंडळीच्या मणक्यात रोग शिरला. पुण्याला न्यायचं तर जीपच्या एकेका हादऱ्याला ती वरडायची. एक दिवस म्हणली, "मी हितंच मरते, पण त्या रस्त्याला आता नेऊ नका." नाय नेलं तर विलाज बंद.

नाना दारात आला. "आप्पा, चल. मागच्या शिटावर आडवा हो."

"मला काय झालंय?"

"पुढं बसणं येगळं. वैनी मागं झोपणार. मागं जास्त हालतं."

मला आडवं केलं आन पोटावर तांब्या ठेवला. पुण्यापत्तोर आन परत! कुठं सांडलं की नाना इचारायचा, "कुठल्या खड्ड्याला?" आन गाडी मागं घेऊन तोच खड्डा पुन्हा. घरी आलो तर अंगाला ताकाचा आंबूस वास. मंडळी कितीक दिसांनी हसली. म्हणली, "भावजी एवढं करत्यात तर जाते बाई."

दुसऱ्या दिशी निघालो. नाना नुसता रस्ता खात व्हता डोळ्यांनी. मंडळीला चक्क डोळा लागला. पण हायवेच्या फाट्यापाशी कुणीतरी रातोरात नवा गतिरोधक टाकलेला, त्याला पांढरा पट्टा नाय. मागची चाकं आदळली. ती कण्हली.

नानाचं तोंड राखेवानी झालं. तिनंच मागनं हळू सांगितलं, "भावजी, पोटातलं पाणी हललं नाय."

नानानं इचारलं नव्हतं.

विलाज झाला, पण रोगानं ऐकलं नाय. गेली ती. तवापासनं नाना कुणाला ते इचारत नाय. तांब्या बी गाडीत नसतो.

परवा बाजाराला निघालो, आमी दोघंच. फाट्यावरचा तो गतिरोधक आला तशी नानानं गाडी मुंगीच्या चालीनं घेतली. मागचा पिकअपवाला भोंगा वाजवून वरडला, "ओ म्हातारबा, एवढी गाडी घेऊन पायी चालला का?" येरवी नानानं त्याची सात पिढ्यांची वरात काढली असती. आज नाना आरशातनं मागच्या शिटाकडं बघत व्हता.

मी म्हणलो, "नाना, मागं कोण नाय आता."

"म्हाईत हाय," नाना म्हणला. "थांब जरा. मागची चाकं उतरू दे."