दगडूबापूंची साखर

दगडूबापू साखरेचं पोतं आधी वाचतात, मग उघडतात.

वाचतात म्हणजे अगदी चष्मा पुसून, अक्षराखाली बोट फिरवत. एरवी त्यांचा वाचनाशी संबंध नाही. लग्नपत्रिका आली तर माझ्यापुढं धरतात, "कुणाचं हाय अन् जेवाण हाय का, येवढंच सांगा." पण दसऱ्याच्या तोंडावर माझ्या दुकानात साखर उतरली की एकेक पोतं उलटंपालटं करून कारखान्याचं नाव बघतात. हवं ते नाव नसलं, तर बिनबोलावता पंगतीला बसलेल्या माणसाकडं बघावं तसं त्या पोत्याकडं बघतात.

"हिचा पाक बेइमान असतो, आप्पा."

"बापू, साखर ती साखर. गोड आहे ना?"

"गोड तर तुमीबी बोलता."

शिरूर कासारमध्ये माझं किराणा दुकान आणि बापूंची भट्टी यांच्यामध्ये एकच भिंत आहे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे लागतात. हल्ली मशीनवरच्या बत्ताशांची पाकिटं मिळतात आणि ती मीच विकतो. बापूंनी एकदा त्यातला एक उचलून विचारलं, "हे खडू कावून विकता?" मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत ती पाकिटं टांगताना मला दरवर्षी कसंसं होतं, आणि दरवर्षी मी टांगतो.

बापूंची भट्टी फक्त दसरा ते दिवाळी पेटते. साखरेचा पाक उकळतो, त्यात चिमूटभर सोडा पडतो, लाकडी काठीनं तो घोटला जातो, आणि मग पांढऱ्या कापडावर एकेक थेंब सोडला की तो तिथल्या तिथं फुगून बसतो. या वेळी आसपास कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. "गप बसा! पाकाला ऐकू येतं." स्वतः मात्र सारखे बोलत असतात. "उठ गं माय. आता रुसू नको. हां, अशी." गिऱ्हाईक बिचारं पैसे हातात धरून मुक्यानं उभं.

बत्तासा कुठून आला, हेही त्यांना ठाऊक आहे. फक्त ते माणसागणिक बदलतं. शाळेतल्या गुरुजींना त्यांनी सांगितलं, निजामाच्या मुदपाकखान्यातला एक आचारी पळून इकडं आला, त्यानं आणला. कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या लोकांना सांगितलं, तिथल्या धबधब्याचा फेस बघूनच एकाला ही युक्ती सुचली. मला म्हणाले, "माझ्या आज्यानं काढला." मी म्हटलं, "बापू, खरं कोणतं?" तर म्हणाले, "इतिहास हाय तो. ज्याला जसा पचंल तसा द्यायचा."

आम्ही सगळे त्यांच्यावर हसायचो. पोत्याच्या वाचनावर तर जास्तच. मीही हसायचो, गिऱ्हाइकांना डोळा मारून. का वाचतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ते कळलं एका दसऱ्याला. दसरा झाला की आमच्या भागातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरंबाळं. बापू रस्त्यावर उभे राहून प्रत्येक गाडीला विचारत होते, "कारखाना कोणता?" एका गाडीनं हवं ते नाव सांगितलं. बापू धावत आत गेले आणि कागदात बांधलेला पुडा घेऊन आले. "युसूफ वडगावची शालन हाय तिथं. तिला द्या. दिवाळीला लागतील." गाडी गेल्यावर मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "आपण आत्ता जी साखर वापरतो ती मागच्या हिवाळ्यातल्या उसाची, आप्पा. तवा शालू तिथंच फडात असती."

शालन त्यांची एकुलती एक लेक. वडगावला दिलेली. लग्नानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊ लागली. एका साली हंगामाच्या मध्येच ती एकटी माहेरी आली. पोटुशी होती, पाय सुजलेले होते. म्हणाली, यंदा मी परत जाणार नाही. दोन दिवसांनी नवरा न्यायला आला. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला कोण ठिवून घेतंय, मामा?" बापूंनी लेकीला समजावलं आणि पाठवलं. निघताना तिच्या हातात दिवाळीतल्या उरलेल्या बत्ताशांचा पुडा दिला. तो तिनं ओट्यावर ठेवला आणि मागं न बघता गेली. त्यानंतर ती शिरूरला आली नाही. आई वारली तेव्हा परस्पर मसणवट्यात आली आणि तिथूनच गेली.

बापूंनी फोन कधी केला नाही. ते पुडा पाठवतात.

यंदा मी बीडहून मुद्दाम शोधून त्याच कारखान्याचं पोतं आणलं. ते उतरवून घेत होतो, तेवढ्यात एक मुकादम तंबाखू घ्यायला आला. त्याची टोळी त्याच कारखान्याला जायची.

"तुमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचे बत्तासे लई भारी असतात बरं का," तो हसून म्हणाला. "मागल्या साली सगळ्या टोळीत वाटले."

"ते शालनसाठी होते."

"शालन कुठं हाय तिथं? दोन साल झाले, वडगावची टोळी कर्नाटकात जाती. यंदा तर दसऱ्याची वाट न बघताच गेली."

मी त्याच्याकडून तिच्या नवऱ्याचा नंबर घेतला. पण बापूंकडं गेलो नाही. उद्या सांगू म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या म्हटलं. तोवर त्यांनी पोतं वाचलं, खूश झाले, भट्टी पेटवली. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, "उठ गं माय." मला गल्ल्यावर बसवेना. यंदाचाही पुडा तिकडंच गेला असता, आणि ते मला माहीत असून गेला असता.

मी जाऊन सांगितलं. एका दमात, त्यांच्याकडं न बघता.

बापूंनी काठी कढईच्या कडेला टेकवली. पाक करपायला लागला तरी हलले नाहीत. मीच कढई खाली उतरवली.

"मंग मागल्या साली कुणी खाल्ले?"

"टोळीतल्या पोरांनी."

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरांनीच खाल्ले." करपलेल्या पाकाकडं बघत पुन्हा म्हणाले, "अन् शालूच्या पोरांनी?"

माझ्याकडं नंबर आहे, एवढं सांगितलं. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी धोतराला हात पुसले आणि पुढं केले. मी फोन लावून, स्पीकर चालू करून दिला.

"कोण हाय?" एका लहान मुलीचा आवाज आला.

बापूंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"कोण बोलतंय?"

"मी... बत्तासेवाला," बापू म्हणाले. "शिरूरचा."

"आये, कुणी शिरूरचा बत्तासेवाला हाय!" पोरगी ओरडली. पलीकडं भांडी वाजत होती, ती थांबली. फोन कुणीतरी घेतला. श्वास ऐकू येत होता. मी बापूंना खूण केली, बोला.

"तिकडं थंडी असती का लई?" शेवटी त्यांनी विचारलं.

मग बारीक आवाजात एकच शब्द आला.

"असती."

बापूंनी फोन घाईघाईनं माझ्या हातात कोंबला. "पत्ता तुमी इचारा, आप्पा. मला सांगायची न्हाई ती."

मी म्हटलं, "शालन, मी शेजारचा आप्पा. बापूंना पुडा पाठवायचाय. कुठं पाठवू?"

आणि मी खिशात पेन चाचपत होतो, तोवर तिनं सांगायला सुरुवातही केली होती.