ट्रेलरचा तोल

आमचे मिरजेतले शेजारी नामदेव आबा कांबळे रोज सकाळी आपल्या ट्रकच्या टायरांवर लाकडी हातोडी मारून कान लावत. आवाज पटला तर मान डोलवत. नाही पटला तर चाकापाशी उकिडवे बसून राहत. मिरजेत तंबोरे जुळवणारे कान पुष्कळ आहेत. टायर सुरात आहे की नाही हे ऐकणारा माणूस मात्र मी हा एकच पाहिला.

आबा फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लिलावात एक जुना ट्रक आणि त्याच्या मागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर घेतला. पलटणीत गाडीच्या देखभालीचे वार ठरलेले असत. ते वारही आबा घरी घेऊन आले. सोमवारी ब्रेक, मंगळवारी बॅटरी, बुधवारी दिवे. मंगळवारी कोणी ब्रेकची चौकशी केली तर म्हणत, "त्येचं काल झालं. आता सोमवारी या."

जगातल्या सगळ्या गोष्टी ते एकाच मापाने मोजत: तोल. "ट्रेलरमधी भार म्होरं जरा जास्त पायजे, मास्तर. मागं जास्त झाला की शेपूट हलवतंय." आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात अध्यक्षांचं भाषण तासभर चाललं, तेव्हा शेजारी बसलेले आबा माझ्या कानाशी लागले, "म्होरं काय न्हाई, समदं मागं. पलटी खातंय बगा." थोड्याच वेळात अध्यक्षांच्या हातातले कागद खाली पडले आणि पुन्हा लागले ते उलट्या क्रमाने. श्रोत्यांना फरक जाणवला नाही.

आबांना एकच मुलगी, कमल. मिरजेतल्या इस्पितळात नर्स होती. आई गेल्यापासून ती, तिचा नवरा प्रकाश आणि त्यांचं लहान बाळ आबांच्याच घरी राहत. मग कमलला नागपूरला नोकरी मिळाली आणि पोस्टात असलेल्या प्रकाशनेही तिकडे बदली मागून घेतली. बाळाला घेऊन त्यांनी रेल्वेने जायचं, सामान आबांनी न्यायचं, असं ठरलं. ही बातमी तासगावच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याला लागली आणि त्याने नागपूरपर्यंत ट्रक भाड्याने ठरवला. म्हणजे ट्रकमध्ये शेठचा बेदाणा आणि मागच्या ट्रेलरमध्ये लेकीचा संसार. अख्खा संसार ट्रेलर ट्रकला जोडणाऱ्या एका लोखंडी खिळीवर लटकून साऱ्या महाराष्ट्रातून जाणार म्हटल्यावर आबांची झोप उडाली.

तयारी पंधरा दिवस चालली. शेठच्या वखारीतल्या काट्यावर बेदाण्याऐवजी कमलची भांडी, गाद्या, कपाट, शिवणयंत्र, बाळाचा पाळणा असं एकेक वजन झालं. मग ट्रेलरमध्ये तितक्याच वजनाच्या विटा भरून आबा तासगावला जाऊन आले. परत आल्यावर ट्रेलरची दांडी, ट्रकचा हूक, त्यातली खीळ आणि खीळ तुटलीच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या दोन साखळ्या, सगळं पुन्हा उघडून पाहिलं. विटा मात्र शाबूत होत्या.

एका वस्तूचं गाडं अडलं होतं. आबांनी आता नागपुरातच राहायला यावं, असं कमलचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांची खाट ट्रेलरमध्ये जायला हवी होती. आबा हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. "मागं ठिवली की दांडी उचलती. म्होरं ठिवली की हुकावर लोड येतोय. वर बांधली की वारं धरती." खाट सुंभाची होती. माझा शब्दकोश तिच्याहून जड असेल.

निघायच्या दिवशी सकाळी शेठनी थाट केला. हार, नारळ, वाजंत्री आणि शुभहस्ते म्हणून एक पुढारी. पुढारी नारळ घेऊन उभे आणि आबा ट्रकखाली आडवे.

"आवं आबा, सायेब खोळंबल्यात!" शेठ म्हणाले.

"सायबास्नी म्हणावं, जरा वाकून बगा. साखळी जमिनीला घासतीया का?"

पुढारी खरोखरच वाकले. त्यांच्या त्या दिवसाच्या सार्वजनिक कार्यापैकी उपयोगाचं तेवढंच. शेठ लिंबू-मिरची बांधायला पुढे झाले, तशी ट्रकखालून आवाज आला, "लिंबानं ब्रेक लागत न्हाई, शेठ. सरबत करा. सायबास्नी ऊन लागलंय."

सरबत झालं, भाषण आटोपलं, मंडळी पांगली. कमल इस्पितळातली शेवटची रात्रपाळी करून तेवढ्यात घरी आली. तिने बांधलेला ट्रेलर पाहिला आणि मग भिंतीला टेकवून ठेवलेली खाट पाहिली.

"आबा, ही खाली कशी?"

"बसत न्हाई गं. लय करून बगितलं. तोल जातोय."

"मग कपाट काढा."

"येडी का काय? तुजं कपाट हाय ते."

"माजं हाय म्हणूनच म्हंते. मास्तरकाकांना ऱ्हाऊ दे."

माझ्या घरातल्या सागवानी कपाटाचा इतिहास हा असा आहे.

आबा हातातल्या फडक्याची घडी घालू लागले. एरवी ट्रकखालूनही दणदणीत बोलणारा माणूस पुटपुटल्यासारखा म्हणाला, "कमळे, हितं गोष्ट निराळी हुती. हितं तुमी माज्या घरात हुता. तिथं म्या जावयाच्या दारात..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण जावयाने ट्रेलरच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली होती. आबांनी आवळलेल्या गाठी सुटेनात म्हणून तो दातही लावत होता.

कपाट उतरलं. खाट चाकांच्या बरोबर वर, तळाशी आडवी बसली आणि तिच्यावर बाकीचा संसार चढला. आबांनी दांडी दोन्ही हातांनी उचलून भार अजमावला.

"बसतंय?" कमलने विचारलं.

"बसतंय." आबांनी दांडी खाली ठेवली. "घर केवडं घेतलंया तिथं?"

"तीन खोल्या."

"दोगं तुमी आन एक लेकरू. तीन कशाला?"

"तुमी घोरता, आबा."

आबांनी प्रकाशकडे पाहिलं. पंधरा दिवसांत त्या मुलाने तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. दोरीची गाठ मारता मारता तो मान वर न करता म्हणाला,

"लय."