हमीदसरांचा डावा हात

आमच्या गल्लीतले हमीदसर नवा माणूस भेटला की त्याचा डावा हात मागायचे. समोरच्याने हस्तांदोलनाला उजवा पुढे केला तर तो बाजूला सारायचे, डाव्याची करंगळी वाकवून बघायचे आणि म्हणायचे, "ह्याला निस्तं पोसलंय तुमी. कामाला लावा." माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा हात असा काही तपासला, की सासरे अजून मला त्यांच्याबद्दल विचारतात.

सर पियानो वाजवायचे. होय, बीडमध्ये. वडिलांचं बाजाच्या पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. सरांनी मुंबईत पंचवीस वर्षं हॉटेलांत आणि रेकॉर्डिंगला पियानो वाजवला, आणि वडील आजारी पडले तेव्हा पियानो टेम्पोत घालून सर बीडला परत आले. वडील गेले. सर आणि पियानो राहिले. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून घरातल्या एकुलत्या एका कूलरचं तोंड पियानोकडे असे आणि आम्ही शिकणारे घामाने निथळत बसायचो.

गावात त्यांचा एकच जाहीर कार्यक्रम झाला, मंगल कार्यालयात. आयोजकांनी सत्काराच्या शाली, नारळ आणि समई पियानोवरच मांडली. वाजवताना सर मध्ये दोन क्षण थांबले, तर निवेदकाने झटकन माइक घेऊन आभारप्रदर्शन उरकलं. लोक चपला शोधायला उठले. सर मात्र उरलेलं सगळं वाजवत राहिले, सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, राग नाही आला?"

"राग कावून? थांबलं अन् संपलं, यातला फरक कळायला लई वर्सं लागतात."

त्यांच्याकडे शिकायला यायचे ते सगळे भजनी मंडळातले पेटीवाले. मीही त्यातलाच, लिंबागणेशच्या देवळात पेटी वाजवलेला शाळामास्तर. पेटीवर सूर उजव्या हाताचे; डावा फक्त भाता मारतो. त्यामुळे पियानोवर बसलो की आमचा डावा आपोआप पुढे जायचा आणि समोरच्या फळीवर थापा मारायला लागायचा.

"भाता सोड बे!" सर ओरडायचे. "ह्याला हवा न्हाई लागत!"

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. एका संथ रचनेतला फक्त डाव्या हाताचा भाग स्वतः वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केला. "ह्याच्यासंगं तुमी उजवा वाजवा. डावा बसला की मला बंद करा." दोन्ही हातांनी वाजवणारा एक तरी विद्यार्थी या गावातून निघावा, एवढाच त्यांचा ध्यास होता. पण एकेक जण गळाला. शेवटचा मी. "परीक्षा झाल्या की येतो," असं सांगून निघालो. परीक्षा दर वर्षी झाल्या. मी गेलो नाही.

यंदा होळीच्या सुमारास सरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. गल्लीतच राहून भेटायला जायला मला महिना लागला. कोणत्या तोंडाने जाणार?

गेलो तेव्हा दार उघडं होतं. कूलर पियानोकडे वळलेला. सर पाठमोरे बसले होते आणि तीच रचना वाजत होती, दोन्ही हातांनी, स्वच्छ. मला इतका आनंद झाला की हाक मारणार होतो. मग दिसलं, सरांचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता आणि पियानोवर मोबाइल ठेवलेला होता. मला माझी लाज वाटली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवेना.

रचना संपली. मोबाइलमधून सरांचाच जुना, खणखणीत आवाज आला, "शाबास! आता पुन्हा एकदा. अन् भाता सोडून."

सरांनी मान डोलावली. "जी सर," म्हणाले, आणि उजव्या हाताने रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं.